सोय आणि सोयरा

उतारवयांत मनुष्याला जे नवे छंद जडतात, त्यांपैकीं बहुतेक त्यानें स्वतः होऊन निवडलेले नसतात. कोणाला वैद्य फिरावयास लावतो, कोणाला नातवंडें पत्ते खेळावयास बसवितात. आम्हांस मात्र आमच्या डोळ्यांनीं मोबाईलच्या नादीं लावलें. ज्या यंत्राची आम्हीं पुष्कळ वर्षें यथेच्छ निंदा केली, वर्गांत ज्याच्या नुसत्या किणकिणाटानें आमचा राग मस्तकास जात असे, त्याच यंत्राच्या पदरीं शेवटीं आम्हांस पडावें लागलें. ती हकीकत सांगण्यासारखी आहे असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच. वाचकांपैकीं जे तरुण आहेत त्यांस यांत नवें फारसें सांपडणार नाहीं. पण जे आमच्या वयाचे आहेत, अथवा ज्यांच्या घरीं आमच्या वयाचें कोणी आहे, त्यांस कदाचित् थोडा उपयोग होईल.

तीन वर्षांपूर्वीं चष्मा बदलून घ्यावा म्हणून आम्ही नेत्रवैद्यांकडे गेलों, आणि काचबिंदूचें निदान घेऊन परत आलों. मोतीबिंदू आणि काचबिंदू हीं नांवें जुळ्या भावंडांसारखीं असलीं तरी दोघांच्या स्वभावांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. मोतीबिंदू हा डोळ्याच्या भिंगास आलेला गढूळपणा. तो शस्त्रक्रियेनें काढतां येतो, आणि गेलेली दृष्टि बहुधा परत मिळते. काचबिंदूंत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतूच हळूहळू झिजतो, बहुधा डोळ्यांतील दाब वाढल्यामुळें. आणि जें एकदां गेलें तें परत येत नाहीं. औषधाच्या थेंबांनीं, आणि लागल्यास शस्त्रक्रियेनें, उरलेलें राखावयाचें एवढेंच काय तें हातीं असतें. शिवाय हा रोग कपटी शत्रूप्रमाणें कडेनें शिरतो. प्रथम बाजूचें दिसणें जातें, मधलें शाबूत राहतें, म्हणून रोग्यास पुष्कळ दिवस पत्ताच लागत नाहीं. आम्हांसही लागला नव्हता. वाईस कृष्णेच्या घाटावर उतरतांना दोनदां ठेंच लागली, ती आम्हीं पायऱ्यांच्या माथीं मारून मोकळे झालों होतों.

आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत मराठी शिकविलें. ज्याचा धंदाच वाचण्याचा, त्याचें वाचन जाणें म्हणजे सुताराचा हात जाण्यासारखें आहे. समोरचा पांडवगड आम्हांस दिसे, पण पुस्तकांतील ओळीचा शेवट सांपडत नसे. एका ओळीवरून दुसरीवर येतांना भलतीच ओळ हातीं लागे. पण खरें सांगावयाचें तर दिसत नाहीं हें दुःख एक, आणि 'एवढें वाचून दाखवा' असें म्हणावें लागतें हें दुःख दुसरें; आणि आमच्या अनुभवानें दुसरें पहिल्याहून जड. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांस वाचावयास सांगितलें तें आज्ञा म्हणून, त्यानें तेंच वाक्य आतां याचना म्हणून उच्चारावें, यांतील बोंच ज्याची त्यासच ठाऊक.

तशांत शेजारचा मुलगा आमच्या मदतीस आला. तो आठवींत शिकतो, शाळा इंग्रजी माध्यमाची. सायंकाळीं पांच वाजतां तो यावयाचा आणि सहापर्यंत वर्तमानपत्र वाचून दाखवावयाचा, असा क्रम वर्षभर चालला. त्याचें वाचन म्हणजे खडकाळ रस्त्यावरून बैलगाडी नेण्याचा प्रकार होता. जोडाक्षर आलें कीं गाडी थांबे. आणि आंकडा आला म्हणजे तर चाकच निखळे. 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांत दहांचा फरक आहे, हें त्यास कळावयास एक पावसाळा गेला. आम्ही दुरुस्त करीत असूं, शब्दांचे अर्थ सांगत असूं, आणि अर्थ सांगतां सांगतां बातमी बाजूस राहून भलत्याच गोष्टींवर येऊन ठेपत असूं.

याच मुलानें एके दिवशीं आमचा मोबाईल हातांत घेतला आणि म्हणाला, "आजोबा, यांत सगळं आहे. तुम्ही वापरतच नाही." त्या दिवसापासून आमच्या प्रयोगांस आरंभ झाला.

पहिला प्रयोग अक्षरें मोठीं करण्याचा. त्यानें तीं एवढीं मोठीं केलीं कीं एका पडद्यावर चार शब्द मावूं लागले. आणि आम्हांस पूर्वींपेक्षांही कमी वाचतां येऊं लागलें! यावर तो चकित झाला, आम्हीही झालों. मग कारण उमगलें. ज्याची दृष्टि अंधुक झाली असेल त्यास अक्षर वाढवून लाभ होतो. पण ज्याच्या दृष्टीचें वर्तुळच आंकुंचित झालें आहे, त्याच्या वर्तुळांत मोठीं अक्षरें थोडींच बसतात, आणि शब्द तुकड्यातुकड्यांनीं दिसूं लागतो. खिडकी लहान असली म्हणजे हत्ती जवळ आणून उपयोग नाहीं, थोडा दूर उभा करावा लागतो. अक्षरें मध्यम ठेवून पडदा काळा आणि अक्षरें पांढरीं केलीं, तेव्हां पडद्याची तिरीप कमी झाली आणि वाचन सुसह्य झालें. थेंब घालण्याच्या दोन वेळांस घंटा वाजेल अशीही योजना त्यानें करून दिली. ही घंटा मात्र आम्हांस पहिल्या दिवसापासून आवडली. शाळेच्या घंटेची संवय असल्यामुळें असेल.

दुसरा प्रयोग नोटांचा. रिझर्व्ह बँकेनें १ जानेवारी २०२० रोजीं 'मणि' नांवाचें एक ॲप काढलें. मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढें नोट धरली म्हणजे ती कितीची तें तें बोलून सांगतें, आणि त्यास इंटरनेटचीही गरज लागत नाहीं. आरंभीं तें हिंदींत व इंग्रजींत बोले. तें खरोखर उपयोगी आहे. पण नोट खरी कीं खोटी हें तें सांगत नाहीं. तसा त्याचा दावाही नाहीं. किंमत सांगतें, खरेपणाची हमी घेत नाहीं. पुढें हा मर्यादेचा धडा आम्हांस फार ठिकाणीं आठवला. गंमत अशी कीं, या यंत्रानें सांगावें आणि आम्हीं बोटांनीं ताडून पाहावें असें करतां करतां आमचीं बोटेंच शहाणीं झालीं. हल्लींच्या शंभराच्या नोटेची लांबी १४२ मिलिमीटर, दोनशेंची १४६ आणि पांचशेंची १५०. रुंदी तिघींची सारखीच, ६६. दोन्ही कडांना उंचावलेल्या तिरप्या रेषा असतात. शंभरावर चार, दोनशेंवर चार रेषा व मध्यें दोन वर्तुळें, आणि पांचशेंवर पांच. इतकीं वर्षें या नोटा आम्हीं मोजल्या, पण त्यांच्या अंगावर आमच्यासारख्यांसाठीं कांहीं लिहून ठेविलें आहे हें डोळे चांगले असतांना कधीं दिसलें नाहीं.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रयोग वाचून घेण्याचा. पानाचें छायाचित्र घ्यावें, यंत्रानें त्यांतील अक्षरें ओळखावींत, आणि एका बाईच्या आवाजांत तीं म्हणून दाखवावींत, असा हा प्रकार. पहिल्यानें एका पुस्तकाचें पान असें घडाघडा वाचलेलें ऐकलें तेव्हां, लपवून काय उपयोग, आमच्या डोळ्यांस पाणी आलें. कोणास हांक न मारतां आम्ही वाचीत होतों! बँकेचें पत्र, वैद्यांची चिठ्ठी, एका जुन्या स्नेह्यानें छापून पाठविलेलें निमंत्रण, सारें काहीं आमचें आम्हांस. मनुष्यास जगापासून लपविण्यासारखें फारसें नसलें, तरी आपलें पत्र प्रथम आपण वाचावें एवढी इच्छा त्यास असतेच.

या वाचनाचे दोष पुढें हळूहळू ध्यानांत आले. वर्तमानपत्राचे दोन स्तंभ शेजारीं असले म्हणजे तें कधीं कधीं आडवें वाचत सुटतें, आणि मग पुढाऱ्याच्या भाषणाचें उत्तरार्ध कांद्याच्या भावांत निघतें. हातानें लिहिलेलें पत्र त्यास क्वचितच साधतें. पण आमच्यांतला मास्तर सर्वांत अडखळला तो उच्चारांपाशीं. मराठींत च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिहिण्यांत त्यांचा भेद नाहीं. तो वाचणाऱ्यानें अर्थावरून ओळखावयाचा. 'जरा' म्हणजे थोडें, याचा 'ज' दांतांशीं. 'जरा' म्हणजे वार्धक्य, याचा 'ज' टाळूशीं. आमची ही यंत्रांतील बाई दोन्ही ठिकाणीं टाळूच गांठते. त्यामुळें कथेंतील नायक नायिकेस "जरा थांब" असें म्हणाला, तेव्हां तो वार्धक्यासच थांबण्याची आज्ञा करतो आहे असें आम्हांस ऐकूं आलें. आज्ञा चांगली होती. पाळली गेली असती तर आम्ही त्या बाईचे आजन्म ऋणी राहिलों असतों.

आतां वाचनाचें दार उघडल्यावर ग्रंथांकडे वळणें क्रमप्राप्त होतें. ज्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं १९७६ सालीं निघाला, त्याचें कार्यालय आमच्याच गांवांत. त्याचे वीस खंड उचलण्याची आतां गरज उरली नाहीं, ते मोबाईलमध्यें येऊन बसले. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश शिकागोच्या विद्यापीठानें इंटरनेटवर ठेविला आहे. वाईंतील ओसरीवर बसून आम्ही शिकागोहून मराठी शब्दांचे अर्थ आणवूं लागलों. हवा तो शब्द तत्काळ पुढें येतो. पान उलटतांना वाटेंत जे शेजारचे शब्द भेटावयाचे, ते मात्र आतां भेटत नाहींत. भारत सरकारनें २०१६ सालीं सुरू केलेल्या 'सुगम्य पुस्तकालया'चाही शोध लागला. अंध आणि क्षीणदृष्टि वाचकांसाठीं पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्यास मोकळीक देणारा करार २०१३ सालीं मराकेश येथें झाला, आणि त्यास प्रथम मान्यता देणारें राष्ट्र आपलें, २०१४ सालीं. या पुस्तकालयाचें सभासद होण्यास दृष्टिदोषाचा दाखला लागतो. तो काढण्यास आम्हीं तीन महिने चालढकल केली. पुस्तकें हवीं होतीं. दाखला नको होता.

यूपीआय नांवाची पैसे देण्याची पद्धतिही २०१६ सालींच सुरू झाली. तिचा प्रयोग आम्हीं मंडईंत केला. पन्नास रुपयांची भाजी घेतली, ठिपक्यांच्या चौकटीवर कॅमेरा धरला, आंकडे दाबले आणि मोठ्या ऐटींत चार पावलें पुढें गेलों. इतक्यांत भाजीवाल्या मावशींच्या पेटींतून आवाज आला, पांचशें रुपये मिळाले, आणि पाठोपाठ मावशींचा आवाज आला, "अवो मास्तर, माघारी या! पाचशे आलं की!" एक शून्य आमच्या बोटानें आपल्या अंगचें घातलें होतें. ती पेटी घेणाऱ्यास बोलून सांगते. देणाऱ्यास सांगावयाचें काम मावशींनीं केलें. साडेचारशें रुपये त्यांनीं मोजून हातावर ठेवले आणि वर कोथिंबिरीची जुडी दिली. नोटा आम्हीं बोटांनीं चांचपून पाहिल्या नाहींत.

आणखी एक साधन सांगण्याजोगें आहे. हान्स यॉर्गन वीबर्ग या नांवाचा डेन्मार्कमधील फर्निचरचा एक कारागीर, स्वतः क्षीणदृष्टि. त्याच्या कल्पनेंतून 'बी माय आइज', म्हणजे 'माझे डोळे व्हा', हें ॲप जानेवारी २०१५ मध्यें निघालें. ज्यास दिसत नाहीं त्यानें बटण दाबावें, आणि जगांतील कोणीही डोळस स्वयंसेवक मोबाईलच्या कॅमेऱ्यांतून पाहून त्यास हवें तें सांगतो. सौ. दोन दिवस साताऱ्यास गेल्या होत्या आणि थेंबांच्या दोन सारख्या बाटल्यांपैकीं मुदत संपलेली कोणती हें कळेना, तेव्हां आम्हीं तें बटण दाबलें. हिंदी बोलणारी एक मुलगी आली. 'अंकल' म्हणून तिनें बाटली जवळ आणावयास सांगितली, थोडी फिरवावयास सांगितली, तारीख वाचली, आणि आणखी कांहीं पाहावयाचें आहे काय असें विचारलें. नाहीं म्हणतांच नमस्कार करून ती गेली. कोण, कोठली, कांहीं कळलें नाहीं. पुन्हां बटण दाबलें तर तीच येईल असेंही नाहीं. शेजाऱ्यास हांक मारावयास जी जीभ अडखळे, ती या अनोळखी मुलीपुढें अडखळली नाहीं, याचा आम्ही त्या रात्रीं बराच वेळ विचार करीत होतों. परक्याचें ऋण हलकें असतें, कारण तो तें वसूल करावयास परत येत नाहीं. पण जो परत येत नाहीं, तो परत येतच नाहीं.

एव्हांना वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, इतकें सर्व साध्य झाल्यावर आम्हीं त्या शेजारच्या मुलास काय सांगितलें असेल. "बाळ, आतां तुला रोज यावयास नको. तुझा अभ्यासाचा वेळ जातो," असें आम्ही म्हणालों. बोलतांना आपण मोठें औदार्य दाखवीत आहों असें आम्हांस वाटलें. तें औदार्य नव्हतें. कोणाच्याही उपकारावांचून आमचें चालतें, हें त्यास आणि स्वतःस दाखविण्याची ती घाई होती. ज्यानें आम्हांस हीं साधनें शिकविलीं, त्यासच आम्हीं प्रथम त्यांचा उपयोग करून दारांतून परत पाठविलें.

दोन महिने गेले. पांच वाजतां आम्ही यंत्र लावून बसूं. सहापर्यंत चालणारें वर्तमानपत्र वीस मिनिटांत संपूं लागलें. मध्येंच कोणी अडत नव्हतें, म्हणून अर्थ सांगण्याचा प्रसंग येत नव्हता. आणि उरलेली चाळीस मिनिटें काय करावीं हें कळत नव्हतें. एके दिवशीं मुलगा फाटकाशीं भेटला. "आजोबा, चालतंय ना सगळं नीट?" त्यानें विचारलें. आम्ही म्हणालों, "उत्तम." "मग ठीक," असें म्हणून तो कांहीं वेळ तसाच उभा राहिला, आणि मग गेला.

घरांत येऊन आम्हीं ही गोष्ट सांगितली, तेव्हां सौ. म्हणाल्या, "त्याची आई परवां सांगत होती. पांच वाजले की पोर पायांत चपला घालतं, नि मग आठवण झाली की काढून ठेवतं." थोडें थांबून त्या म्हणाल्या, "तुमची सोय झाली खरी. पण घरचा एक सोयरा कमी झाला."

आम्ही शिकागोकडे न जातां फडताळांतील कोशाची जुनी प्रत काढली. अक्षरें दिसत नव्हतीं, सौ.नीं वाचून दाखविलें. 'सोय' आणि 'सोयरा' हे शब्द त्या कोशांत फार अंतरावर नाहींत. त्यांचें कुळ एक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. व्युत्पत्तीच्या नांवाखालीं मनोरंजन करण्याची खोड आम्हीं वर्गांत मुलांना लागूं दिली नाहीं, ती स्वतःस कशी लावून घ्यावी? परंतु शेजार तर खरा. आणि शेजारही एक प्रकारचें नातेंच असतें.

अशक्तास साधन मिळूं नये असा कोणी याचा अर्थ करूं नये. ज्यास पावलोपावलीं दुसऱ्याचें तोंड पाहावें लागतें, त्यास या सोयींचें मोल कोणी शिकवावयास नको, आणि 'माणुसकी' हा शब्द उच्चारून त्या त्याच्या हातून काढून घेणें ही क्रूरता होईल. आमचीं पत्रें आम्ही यापुढेंही स्वतःच वाचूं. चूक साधनाची नव्हती. मागणें संपलें म्हणजे देणेंही संपतें, आणि देणाऱ्यालाही त्यांतून कांहीं मिळत असतें, हें आम्हीं हिशोबांत धरलें नव्हतें. तो मुलगा आम्हांस वर्तमानपत्र देत होता, आणि आम्ही त्यास मराठी देत होतों. यांत याचक कोण हें ठरविण्याची गरज आम्हांसच काय ती पडली होती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही काठी घेऊन त्याच्या दारीं गेलों. वाक्य मनांत घोळवून ठेविलें होतें, पण तोंडून निराळेंच निघालें. आम्ही म्हणालों, "बाळ, यंत्राला 'जरा' म्हणतां येत नाहीं. तूं येशील काय?" त्यास अर्थातच कांहीं कळलें नाहीं. दोन 'जरां'मधील भेद त्याच्या ओट्यावरच बसून समजावून दिला, तेव्हां तो खदखदून हंसला आणि म्हणाला, "म्हणजे आजोबा, तुम्हांला दोन्ही लागू!"

आतां घंटा थेंबांसाठीं वाजते, नोटा बोटें ओळखतात, सकाळचें वर्तमानपत्र यंत्रांतील बाई वाचते. पांच ते सहा मात्र मोबाईल फडताळांत, कोशाच्या शेजारीं असतो. काल मुलानें एका चरित्राचें प्रकरण वाचावयास घेतलें. 'एकोणऐंशी'पाशीं तो थांबला, आम्हीही थांबलों, आणि मग त्यानें तो आंकडा बरोबर म्हटला.